सत्तावीस दिवसांचा तारा

चाकूरच्या बाजूचे एक सरपंच एकदा दोन माणसं बरोबर घेऊन नांदेडला आमच्या कॉलेजात आले. दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि त्याची बातमी देशभर झाली होती. सरपंचांना कुणीतरी सांगितलं होतं, की नांदेडच्या कांबळे सरांकडं अंतराळातली दुर्बीण आहे. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आणि पडद्यावर आकड्यांचे रकाने. सरपंचांनी खोलीचे चारही कोपरे बघून घेतले.

"दुर्बीण कुठाय सर?"

"वर आहे. साडेपाचशे किलोमीटरवर फिरतेय. तिनं पाठवलेले आकडे हे."

"मंग तिला म्हणावं, एकडाव आमच्या शिवाराकडं बघ. बोअर कुठं मारावा एवढं सांगितलं तरी लई झालं."

"ती खाली बघत नाही. तिचं तोंड आभाळाकडं."

सरपंच आपल्या माणसांकडं वळले. "घ्या! एवढ्या लांबचं दिसतंय, पायाखालचं न्हाई."

चहा पिऊन, "तकलीफ दिली सर" म्हणून ते गेले. मी दिवसभर ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली आणि सगळे हसले.

ती दुर्बीण माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी ती वर सोडली. गॅमा किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, ते धरायला वरच जावं लागतं. तिला काचेचं भिंगही नाही. थरावर थर रचलेली एक पेटी आहे. किरण आत शिरला की त्याचा माग उमटतो, त्यावरून तो कुठल्या बाजूनं आला ते कळतं. तीन तासांत ती सगळं आभाळ बघून होते आणि जे दिसतं ते जगात कुणालाही फुकट देते. पुण्याच्या संस्थेतल्या माणसाला जे आकडे मिळतात, तेच नांदेडच्या मास्तरालाही मिळतात. फरक एवढाच, की आमच्याकडं ते उतरवायला आठवडा लागायचा आणि मधेच लाईट गेली तर श्रीगणेशा पुन्हा. ती वर गेली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. लोक त्या वयात घराचा दुसरा मजला चढवतात, मी गॅमा किरण मोजायला बसलो.

आमचा विषय होता जोडतारे. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक मेलेला असतो, पण मरून इतका घट्ट झालेला असतो, की तो जोडीदाराच्या अंगावरचं ओढून घेतो. ते ओढलेलं त्याच्यावर पडताना इतकं तापतं, की क्ष-किरण निघतात. क्वचित एखादी जोडी त्याहून जबर गॅमा किरणही फेकते. अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. नवी सापडली तर नाव होतं. माझी विद्यार्थिनी सुनंदा बिराजदार हे चाकूरच्या शाळेत पोरांना फार सोपं करून सांगायची. "शेजाऱ्यानं सातशे फूट बोअर मारला की आपली विहीर आटती का न्हाई? वर बी तसंच हाय." पोरांना पुढचं काही सांगावं लागत नसे.

या ताऱ्यांचा नाद मला लागला तो लातूरला. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि मी तिथल्या कॉलेजात नुकता लागलो होतो. सगळ्या गावाला जिल्ह्याचं वारं लागलेलं. चहावाल्यानंसुद्धा पाटीवर 'जिल्हा लातूर' रंगवून घेतलं होतं. परदेशी शास्त्रज्ञांना पोस्टकार्ड टाकलं की ते आपल्या लेखाची प्रत पाठवायचे, म्हणून मी पगारातली पोस्टकार्डं त्यांच्यावर उधळायचो. त्यांच्याकडं माझा पत्ता गेलेला 'जिल्हा उस्मानाबाद' असा, कारण जुन्या जिल्ह्याचा पत्ता छापलेली कॉलेजची कार्डं माझ्याकडं पुष्कळ उरली होती. मग लेख आधी उस्मानाबादेला जायचे, तिथून फिरून लातूरला यायचे. पोस्टमन म्हणायचा, "सर, तुमचे तारे अजून जुन्याच जिल्ह्यात हाईत." ते पिवळे लिफाफे फोडताना जो आनंद व्हायचा, तो पुढं एका बोटाच्या टिचकीनं लेख मिळायला लागल्यावर कधी झाला नाही. आजही एखादा जुना लिफाफा हाताला लागला की मी तो हुंगून बघतो. बायको हसते, हसू दे.

सुनंदा माझ्याकडं आली तेव्हा तिशीत होती. शाळेत नोकरी, नवरा एस.टी.त कंडक्टर, घरी दोन मुली. पीएच.डी.साठी दर शनिवारी दुपारची शाळा सुटली की चाकूरहून नांदेडची गाडी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. असं सहा वर्षं चाललं. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. जून अखेरपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. अर्थात त्या दुष्काळी साली पाण्यात म्हणायचीही सोय नव्हती.

मार्च महिन्यात तिला ते सापडलं. धनु राशीच्या दिशेला एक जोडतारा आहे, क्ष-किरणांत माहीत असलेला, गॅमा किरणांत गप्प. एरवी त्या बाजूनं दिवसाला एखाददुसरा किरण यायचा. पण काही ठरावीक दिवशी ते एकदम वाढत होते. तिनं अशा अकरा तारखा काढल्या. दोन तारखांमधलं अंतर सत्तावीस दिवसांच्या आसपास, नाहीतर त्याच्या दुपटीत. म्हणजे ही जोडी सत्तावीस दिवसांत एक फेरा घेते आणि फेऱ्याच्या एका टोकाला गॅमा किरण फेकते! मी खुर्चीतून उठलो आणि उगाच दोन वेळा दार उघडून बंद केलं. मग सूर्य जवळपास असलेले दिवस गाळून बघितले, तरी खूण तशीच राहिली. मी म्हटलं, आता हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा. बाकी सगळं मागं टाक.

ती म्हणाली, "सर, सत्तावीस दिवस म्हंजे चंद्र तर नसंल ना?"

आता इथं वाचकाला एक गोष्ट माहीत पाहिजे. गॅमा किरणांत चंद्र सूर्याहून जास्त झळकतो. अंतराळातले वेगवान कण त्याच्या उघड्या जमिनीवर आदळतात आणि गॅमा किरण उडतात. त्यामुळं चंद्र एखाद्या ताऱ्याजवळून गेला की त्याचा उजेड ताऱ्याच्या खात्यावर पडू शकतो. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "चंद्राला पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस लागतात. आपले सत्तावीस आहेत. चंद्र सुटला. आणि सत्तावीस म्हटलं की नक्षत्र, हे आपल्याकडं नको, ते पंचांगवाल्यांना ठेव."

ती गप्प बसली. मार्गदर्शकाचं वाक्य म्हणजे आमच्याकडं सुप्रीम कोर्ट.

पंचांग म्हटलं की माझं डोकं का फिरायचं तेही सांगतो. आमचं गाव लोह्याजवळ. आजोबा लग्नाची तिथी विचारायला जोशाकडं जायचे तेव्हा जोशी ओट्यावर, आजोबा खाली उन्हात. जोशी वरून तारीख टाकायचा, आजोबा खालून झेलायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या वडिलांनी सांगितलं, "पुन्हा त्या ओट्यापुढं उभं राहायचं न्हाई." त्या दिवसापासून आमच्या घरात पंचांग नाही. पौर्णिमा तेवढी पाळतो. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून आई विहाराला जायची, आम्ही पोरं मागं मागं. त्यामुळं चंद्राचा महिना म्हणजे पौर्णिमा ते पौर्णिमा, हे माझ्या हाडात बसलेलं. वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं, की चंद्र ताऱ्यांमध्ये सत्तावीस दिवसांतच फिरून येतो, पौर्णिमेला दोन दिवस जास्त लागतात ते वेगळ्या कारणानं. फळ्यावर आकृती काढून शिकवलं. पण त्या दिवशी हाडातलं बोललं, फळ्यावरचं नाही.

मे महिना संपत आला. लेख लिहून तयार झाला, सोमवारी पाठवायचा ठरला. प्रबंधाचं चौथं प्रकरण टंकून झालं. मी अकरा तारखांची यादी मोठ्या अक्षरांत काढून खोलीच्या भिंतीवर चिकटवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. शुक्रवारी दुपारी आमचे ग्रंथपाल दिगंबरराव आले. तीस वर्षांची दोस्ती. अर्धं नांदेड त्यांच्याकडं मुहूर्त विचारायला यायचं. ग्रंथालयात पुस्तक मागणारे कमी आणि मुहूर्त मागणारे जास्त, असं मी त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, "कांबळे, दोघं बी आभाळावरच पोट भरतो. मला दक्षिणा तरी मिळते." माझ्या लग्नात आमच्या पंगतीला येऊन बसणारा पंचांगवाल्यांतला तो पहिला माणूस, म्हणून त्यांची थट्टा मला खपायची.

भिंतीकडं बघून ते म्हणाले, "हे काय करून राहिलात? मूळशांती लावायला लागलात का?"

"कसली शांती?"

"अहो, या सगळ्या दिवशी मूळ नक्षत्र हाय. या सालच्या तर मला तोंडपाठ हायेत. साडूच्या नातवाची शांत परवाच ठरवली. लेकरू मुळावर जन्मलं की सत्ताविसाव्या दिवशी चंद्र फिरून मुळात येतो, तेव्हा शांत करतात."

"चंद्राला साडेएकोणतीस..."

"ते पौर्णिमेचं! चंद्र फिरून येईस्तोवर सूर्य पुढं सरकतो, त्याला गाठायला दोन दिवस जास्त लागतात. कांबळे, हे तुम्ही मला सांगायचं का मी तुम्हाला?"

मी कॉम्प्युटरवर चंद्राची जागा काढायला लागलो. दिगंबरराव पंख्याखाली बसून पेपर वाचत राहिले. पहिली तारीख, चंद्र आमच्या ताऱ्याच्या अगदी शेजारी. दुसरी, तसंच. अकराच्या अकरा. मूळ नक्षत्र माझ्याच मुळावर आलं होतं. दिगंबररावांनी पेपरातून डोकं वर काढलं, माझा चेहरा बघितला आणि थट्टा न करता चहा मागवला. त्या चहाबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

खरं सांगतो, तो शुक्रवार आणि शनिवार मी काहीच केलं नाही. सुनंदालाही निरोप धाडला, की या आठवड्यात येऊ नको. लेख थांबवता येत होता, तो माझा होता. पण प्रबंध तिचा होता. तो तसाच जाऊ द्यावा, परीक्षकांना कळलं तर कळलं, पदवी तर मिळेल, असं मनात येत होतं. तिच्या घरी दोन हंड्यांवर दिवस निघायचा आणि तसल्या दिवसांत ती पहाटे उठून गणितं करायची, हे मला माहीत होतं. त्या गणितांच्या मुळाशी चंद्र आहे हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? रविवारी सकाळी वडिलांची आठवण आली. ओट्यापुढून ते निघून आले ते खोटं खपवून घेणार नाही म्हणून. आभाळाशी त्यांचं भांडण नव्हतं. मी चाकूरची एस.टी. धरली.

सुनंदा घरी नव्हती, टँकरच्या रांगेत होती. रांगेत बायका कमी, घागरीच जास्त, प्रत्येकीनं आपला नंबर घागरीनं लावलेला. मला बघून ती दचकली. शेजारणीला म्हणाली, "अक्का, माझ्या घागरीवर ध्यान ठेवा," आणि लिंबाच्या सावलीत आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ती टँकरच्या वाटेकडं बघत म्हणाली, "मी इचारलं होतं सर."

"हाव. विचारलं होतंस."

"चंद्र काढल्यावर काय उरलं?"

"अजून काढला नाही. तुला आधी सांगावं म्हटलं."

"मंग चला. काढू."

टँकर आला. तिनं दोन घागरी घेतल्या, मी एक घेतली आणि अर्धी सांडली. घरी बसून आम्ही चंद्र जवळ असलेले सगळे दिवस गाळले. तिच्या कॉम्प्युटरनं दोन तास घेतले. मग पडद्यावर एक सपाट रेघ आली.

"म्हंजे तारा गप्पच हाय," ती म्हणाली.

"गप्पच आहे."

ती आत गेली. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले, घासण्याएवढं पाणी नसताना. मी एकटा बाहेर बसून होतो आणि मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. ती बाहेर आली ती चहा घेऊनच.

"किती दिवस हाईत?"

"बत्तीस."

"पुरतील."

मी म्हटलं, विद्यापीठाला पत्र लिहून देतो, चूक मार्गदर्शकाची म्हणून, मुदत मागू. ती म्हणाली, "लागलं तर मागते." लागलं नाही. शाळेला सुट्टी होती. तिनं चौथं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं. चंद्राच्या वाटेवर येणारे आणखी कितीतरी जोडतारे तिनं तपासले, कुणाच्या खात्यावर चंद्राचा किती उजेड पडतो त्याचा तक्ता केला. शोध गेला, पण काम पक्कं झालं. पुढं तो तक्ता दुसऱ्यांनाही उपयोगी पडला. आभारांच्या पानावर तिनं ग्रंथपाल दिगंबरराव यांचे चंद्राच्या स्थितीबद्दल आभार मानले. दिगंबरराव ते पान घेऊन महिनाभर हिंडत होते. "आमचं पंचांग इंग्रजीत छापून आलं," असं ज्याला त्याला सांगायचे. आता ते नाहीत. ग्रंथालयावरून गेलो की पाय अजून आपोआप आत वळतात.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. हिवाळ्यात सुनंदाची व्हायवा झाली. हॉल भरलेला, पुढच्या ओळीत तिचा नवरा कंडक्टरचा खाकी शर्ट घालूनच आलेला, दोन्ही मुली, शाळेतले शिक्षक. बाहेरचे परीक्षक चांगले होते, कामावर खूश होते. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, सत्तावीस दिवस दिसल्यावर लगेच चंद्राची शंका कशी आली नाही?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "आली होती सर. पण मी जरा हळू विचारलं."

हॉलमध्ये हशा झाला. परीक्षकही हसले. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, मुलींनी आईबरोबर फोटो काढले. मी खुर्चीत बसून होतो. उठून दोन वाक्यं बोलायची होती आणि ती माझ्या तोंडातून निघाली नाहीत. तिनं मला भर सभेत वाचवलं आणि मी वाचवून घेतलं.

निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. या लेखात वर मी लिहिलंय, की तिनं एकदा विचारलं आणि गप्प बसली. ते पुरतं खरं नाही. लिहिताना इथंही हात आखडला. पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली होती, एक कागद घेऊन. अकरांपैकी दोन तारखांना चंद्र कुठं होता ते तिनं हातानं गणित करून काढलं होतं. दोन्ही वेळा चंद्र आमच्या ताऱ्याजवळ. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सर, बाकीच्या नऊ काढू का?' मी कागदाकडं नीट बघितलंही नाही. "दोन तारखांवरून काय ठरतं? वेळ नाही आपल्याकडं," म्हटलं आणि तो फाईलखाली सारला. खोली रिकामी करताना तो सापडला, आता माझ्यापाशी आहे.

सुनंदानं हळू विचारलं नव्हतं. लेखी विचारलं होतं.